घराण्याचें दान आणि गांवाचें हित

एखाद्या कुटुंबानें आपल्या संपत्तीचा कांहीं भाग विश्वस्तांच्या हवालीं करावा आणि त्याच्या उत्पन्नांतून लोकोपयोगी कार्य चालवावें, ही रीत आपणांस अपरिचित नाहीं. परंतु हें दान स्वजनांसाठीं असावें कीं सर्वांसाठीं, हा प्रश्न प्रत्येक दात्यापुढें उभा राहतो. महाराष्ट्रांतील ज्यू समाजाचा इतिहास या बाबतींत मोठा बोधप्रद आहे.

डेव्हिड ससून हे बगदादचे व्यापारी १८३२ सालीं मुंबईस आले. कापूस, अफू इत्यादि मालाच्या व्यापारांत त्यांनीं अमाप धन मिळविलें. अफूच्या पैशामागें चिनी कुटुंबांचें दुःख होतें, हें विसरतां येत नाहीं. हिब्रू भाषेंत दानास ‘त्सदाका’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशीं न्याय हा अर्थ आहे. अर्थात् दान ही मर्जीची नव्हे, कर्तव्याची गोष्ट होय. ससून यांनीं तें दोन दिशांनीं केलें. भायखळ्याचें मागेन डेव्हिड व पुण्याचें ‘लाल देऊळ’ हीं प्रार्थनामंदिरें स्वधर्मीयांसाठीं. पुण्याचें रुग्णालय व मुंबईचें वाचनालय सर्वांसाठीं. १८६४ सालीं ते पुण्यास वारले. रुग्णालय १८६७ सालीं सुरू झालें, वाचनालयाची वास्तु १८७० सालीं पुरी झाली. दात्याच्या पश्चात् दान चालतें तें असें.

सर्वच दाते एवढे धनाढ्य नसतात. कोंकणांतील बेने इस्रायल लोक मराठी बोलणारे. पूर्वी तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापैकीं हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत आपल्या समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढली. पुढें सर एली कदूरी यांच्या देणगीनें तिला बळ आलें व त्यांचेंच नांव मिळालें. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबें इस्रायलास गेलीं. ज्यांच्यासाठीं शाळा निघाली तेच उरले नाहींत! तरी शाळा बंद पडली नाहीं. आज तेथें मुख्यतः इतर समाजांचीं मुलें शिकतात.

आतां अशा निधीची रचना पाहूं. मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं, व्याजच खर्चावयाचें. ५ लाख रुपये शेंकडा ६ व्याजानें ठेविले, तर वर्षास ३० हजार येतात. तेवढ्यांत गांवांतील कांहीं मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय होते. विश्वस्तपत्र करून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत नोंदणी करावी लागते आणि हिशेब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्तपत्रांतील हेतु अति संकुचित असला, तर परिस्थिति पालटतांच पैसा अडकून पडतो, व हेतु बदलण्यास कायदेशीर अनुज्ञेची खटपट करावी लागते.

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांवासारख्या ठिकाणीं एखादें कुटुंब वडिलांच्या नांवें निधि ठेवूं इच्छील, तर त्यानें हें ध्यानांत घ्यावें. आपल्या भावकीच्या मुलांस प्रथम हक्क देण्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र ‘तीं न मिळाल्यास गांवांतील कोणत्याही गरजू मुलास’ एवढे शब्द विश्वस्तपत्रांत अवश्य घालावे. कुटुंबें शहरांस जातात, गांवांत मुलें राहतातच. त्यांच्यासाठीं तो पैसा मोकळा राहिला पाहिजे.