कोविड-१९ महासाथीतील संसदीय लेखी प्रश्नोत्तरे

कोविड-१९ महासाथीतील संसदीय लेखी प्रश्नोत्तरे या संज्ञेत २०२० ते २०२२ या काळात भारतीय संसदेच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांनी महासाथीविषयी विचारलेले अतारांकित प्रश्न आणि केंद्रीय मंत्र्यांनी त्यांना दिलेली लेखी उत्तरे यांचा समावेश होतो. सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला. त्यामुळे सरकारकडून माहिती मिळवण्यासाठी सदस्यांच्या हाती मुख्यतः लेखी प्रश्नच उरला. या काळातील सर्वाधिक वादग्रस्त ठरलेले उत्तर २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत देण्यात आले. ते ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंविषयी होते आणि केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी ते दिले होते. पवार या तेव्हा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी लोकसभा मतदारसंघाच्या खासदार होत्या. सुरगाणा हा आदिवासीबहुल तालुका याच मतदारसंघात येतो.

लेखी प्रश्नाची पद्धत

संसदेत विचारले जाणारे प्रश्न प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात व त्यावर सदस्यांना पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येत नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न असतात, तर राज्यसभेत ही संख्या अनुक्रमे १५ व १६० असते. प्रश्नाची सूचना साधारणपणे १५ दिवस आधी द्यावी लागते.

संख्येने अतारांकित प्रश्न कितीतरी अधिक असले, तरी उलटतपासणीचे बळ तारांकित प्रश्नातच असते. लेखी उत्तराचा मसुदा मंत्रालयातील संबंधित विभाग तयार करतो आणि उत्तर मंत्र्यांच्या नावे जाते. त्यातील प्रत्येक शब्द तोलून मापून योजलेला असतो, म्हणून असे उत्तर वाचताना त्यात काय म्हटले आहे याइतकेच काय म्हटलेले नाही हेही पाहावे लागते. उत्तर अपुरे वाटल्यास सदस्यास अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करता येते. उत्तर चुकीचे वाटल्यास लोकसभा अध्यक्षांच्या निदेश क्रमांक ११५ नुसार ती चूक निदर्शनास आणता येते किंवा विशेषाधिकारभंगाची सूचना देता येते. मंत्र्याने उत्तरात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे शासकीय आश्वासन समिती पाहते.

प्रश्नोत्तराचा तास वगळण्याचा निर्णय

२०२० चे अर्थसंकल्पीय अधिवेशन देशव्यापी टाळेबंदीच्या घोषणेच्या आदल्या दिवशी, २३ मार्च रोजी आटोपते घेण्यात आले. संविधानाच्या अनुच्छेद ८५ नुसार संसदेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा अधिक अंतर असता कामा नये. त्यामुळे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संसद भरवणे अपरिहार्य होते. त्याप्रमाणे १४ सप्टेंबर रोजी पावसाळी अधिवेशन सुरू झाले. शारीरिक अंतर राखता यावे यासाठी दोन्ही सभागृहांचे कामकाज दिवसाच्या वेगवेगळ्या भागांत, प्रत्येकी सुमारे चार तास ठेवण्यात आले.

प्रश्नोत्तराचा तास या अधिवेशनात होणार नाही, असे अधिवेशनापूर्वीच जाहीर झाले होते. विरोधी पक्षांनी त्यास तीव्र आक्षेप घेतल्यानंतर अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे देण्याची तयारी सरकारने दर्शवली. यापूर्वी १९६२ च्या भारत-चीन युद्धात आणि आणीबाणीतही प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला होता, हा दाखला दोन्ही बाजूंनी दिला. समर्थकांच्या दृष्टीने तो पूर्वप्रघात होता, तर विरोधकांच्या दृष्टीने इशारा. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये एप्रिल २०२० पासूनच काही सदस्य सभागृहात व उर्वरित दूरदृश्य प्रणालीद्वारे अशा मिश्र पद्धतीने तोंडी प्रश्नोत्तरे सुरू होती. भारतात तो मार्ग अवलंबला गेला नाही. अधिवेशन नियोजित मुदतीआधीच २३ सप्टेंबर रोजी संपले आणि २०२० चे हिवाळी अधिवेशन झालेच नाही. प्रश्नोत्तराचा तास २०२१ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात पूर्ववत झाला.

स्थलांतरित मजूर व डॉक्टरांविषयीची उत्तरे

अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले, असा प्रश्न लोकसभेत लेखी स्वरूपात उपस्थित झाला. अशी माहिती ठेवली जात नाही, असे उत्तर कामगार मंत्रालयाने दिले. मृतांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय, या उपप्रश्नास वरील उत्तर पाहता तो उद्भवत नाही, असे सांगण्यात आले. एक कोटीहून अधिक मजूर स्वगृही परतल्याची आकडेवारी मात्र सरकारने दिली होती. म्हणजे परतलेल्यांची मोजणी झाली होती, वाटेत मरण पावलेल्यांची झाली नव्हती. भरपाईचा प्रश्न या दुसऱ्या मोजणीवरच अवलंबून होता.

रेल्वे मंत्रालयाने त्याच अधिवेशनात राज्यसभेत वेगळ्या प्रकारचे उत्तर दिले. राज्य पोलिसांकडून मिळालेल्या माहितीनुसार ९ सप्टेंबर २०२० पर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाल्याचे त्यात नमूद होते. रेल्वेगाडीत मृत्यू झाल्यास पोलिसांत नोंद होते, त्यामुळे विचारणा होताच आकडा मिळाला. महामार्गावरून पायी चालणाऱ्यांसाठी अशी एकत्रित नोंदवही कोठेच नव्हती.

महासाथीत किती डॉक्टर दगावले, या विषयावर आरोग्य मंत्रालयाने आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्रीय पातळीवर अशी आकडेवारी राखली जात नसल्याची भूमिका घेतली. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने तीव्र नाराजी व्यक्त करून तोवर मरण पावलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली.

ऑक्सिजनविषयक उत्तर

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसऱ्या लाटेत देशाच्या अनेक भागांत वैद्यकीय ऑक्सिजनचा तुटवडा जाणवला. पहिल्या लाटेत ऑक्सिजनची दैनंदिन मागणी कमाल ३,०९५ मेट्रिक टनांपर्यंत गेली होती, तर दुसऱ्या लाटेत ती सुमारे ९,००० मेट्रिक टनांवर पोहोचली. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मधील आपल्या १२३ व्या अहवालात ऑक्सिजनच्या उपलब्धतेकडे सरकारचे लक्ष वेधले होते.

७ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळात फेरबदल झाला. मनसुख मांडविया आरोग्यमंत्री झाले आणि डॉ. भारती पवार राज्यमंत्री. पुढील पावसाळी अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, काँग्रेसचे राज्यसभा सदस्य के. सी. वेणुगोपाल यांचा प्रश्न उत्तरासाठी आला. ऑक्सिजनच्या तीव्र टंचाईमुळे मोठ्या संख्येने रुग्ण रस्त्यांवर व रुग्णालयांत मरण पावले काय, असे त्यांनी विचारले होते. पवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा होता: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंच्या नोंदीविषयी केंद्राने राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, राज्ये त्यानुसार नियमित माहिती कळवतात आणि ऑक्सिजनच्या अभावामुळे मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने विशेषत्वाने कळवलेले नाही.

ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू झाला नाही, असे या उत्तरात म्हटलेले नव्हते. तसे कळवण्यात आलेले नाही, इतकेच त्यात होते. वृत्तमथळ्यांत आणि राजकीय वादात हा फरक बव्हंशी हरवला. मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केल्याचा आरोप करून काँग्रेसने विशेषाधिकारभंगाची सूचना देण्याचे जाहीर केले. सत्ताधारी पक्षाने राज्यांनी, त्यांतही विरोधी पक्षांची सरकारे असलेल्या राज्यांनी, असे मृत्यू कळवले नसल्याकडे बोट दाखवले. या प्रतिवादात तथ्य होते. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही राज्यात ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचे मान्य केले नाही.

नाशिककरांच्या दृष्टीने हा वाद दूरचा नव्हता. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. प्रशासनाच्या लेखी ही दुर्घटना होती. साठाच नसणे आणि असलेला ऑक्सिजन गळतीमुळे रुग्णापर्यंत न पोहोचणे, या प्रशासकीयदृष्ट्या दोन भिन्न गोष्टी आहेत. खाटेवरील रुग्णाच्या दृष्टीने हा भेद निरर्थक असला, तरी लेखी उत्तरात नेमका तोच निर्णायक ठरतो.

मृत्यूच्या नोंदीचा प्रश्न

केंद्राचे उत्तर ज्या नोंदींवर आधारलेले होते, त्यांच्या रचनेत या वादाचे मूळ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये कोविड मृत्यूंच्या नोंदीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टरांनी मूळ कारण, त्यातून उद्भवलेली अवस्था आणि सहव्याधी नोंदवणे अपेक्षित असते. कोविडमुळे न्यूमोनिया, न्यूमोनियामुळे श्वसनक्रिया निकामी होणे, अशी ही साखळी लिहिली जाते. ही रचना रोगाचा माग काढण्यासाठी आहे. रुग्णाला त्या वेळी ऑक्सिजन मिळत होता काय, खाट मिळाली होती काय, यासाठी तीत रकाना नाही. परिणामी ऑक्सिजन संपल्यामुळे दगावलेला रुग्णही कागदोपत्री कोविडचाच मृत्यू ठरतो आणि त्यापलीकडे काही कळवण्याची यंत्रणाच उरत नाही. रुग्णालयाने वा जिल्हा प्रशासनाने तुटवडा मान्य केल्यास स्वतःवर ठपका येण्याची शक्यता असते, हेही कारण नाकारता येत नाही.

आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याचे विधान सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या सहाव्या नोंदीवर आधारलेले असून ते अचूक आहे. मात्र साथीचे रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देण्याचा विषय समवर्ती सूचीत आहे. शिवाय टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये केंद्राच्या आदेशांनी लागू झाली होती आणि दुसऱ्या लाटेत राज्यांना ऑक्सिजनचा कोटाही केंद्रच ठरवून देत होते. पुरवठ्याचे वाटप केंद्राकडे आणि मृत्यूची मोजणी राज्यांकडे, या विभागणीत उत्तरदायित्वाचा दुवा निसटला.

सुरगाणा तालुक्याचे प्रतिनिधित्व

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, गुजरातच्या सीमेलगतचा डोंगराळ तालुका पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कोकणा, वारली, महादेव कोळी आदी जमातींची येथे वस्ती आहे. विधानसभेसाठी तो अनुसूचित जमातींकरिता राखीव असलेल्या कळवण मतदारसंघात आणि लोकसभेसाठी दिंडोरीत समाविष्ट आहे.

मंत्री संसदेत प्रश्न विचारत नाहीत, प्रश्नांची उत्तरे देतात. त्यामुळे ७ जुलै २०२१ पासून सुरगाण्याच्या मतदारांच्या लोकसभेतील प्रतिनिधी आरोग्यविषयक प्रश्नांना उत्तर देणाऱ्या बाकावर होत्या, पण त्यांच्या वतीने लोकसभेत प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. मंत्रिपदामुळे मतदारसंघाचे वजन वाढते हे सर्वमान्य आहे. प्रश्नाधिकार थांबतो, याची चर्चा क्वचितच होते. शिवाय तालुक्यातील शासकीय रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे हा राज्याचा विषय असल्याने त्यांविषयीचा प्रश्न विधिमंडळातच विचारावा लागतो. महाराष्ट्र विधिमंडळाची सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२० आणि जुलै २०२१ मधील अधिवेशने मात्र प्रत्येकी दोनच दिवसांची झाली. त्यांत प्रश्नांना मिळणारा वाव अत्यल्प होता.

नंतरची उत्तरे व स्थायी समितीचा अहवाल

जुलै २०२१ मधील वादानंतर केंद्राने राज्यांकडून ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची माहिती स्वतंत्रपणे मागवली. ऑगस्टमध्ये राज्यसभेत देण्यात आलेल्या लेखी उत्तरात आंध्र प्रदेशाच्या अहवालाचा उल्लेख आला. तिरुपती येथील रुग्णालयात १० मे २०२१ रोजी व्हेंटिलेटरवरील काही रुग्णांचा मृत्यू झाल्याचे त्यात म्हटले होते. डिसेंबर २०२१ मध्ये मांडविया यांनी लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार १९ राज्यांनी प्रतिसाद दिला होता आणि केवळ पंजाबने चार संशयित मृत्यू कळवले होते. प्रश्न नेमकेपणाने विचारला गेल्यावर उत्तर शून्यावरून हलले, परंतु फार पुढे गेले नाही.

राम गोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्यविषयक स्थायी समितीने सप्टेंबर २०२२ मध्ये १३७ वा अहवाल सादर केला. ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे झालेले मृत्यू मंत्रालयाने नाकारावेत, याविषयी समितीने त्यात खेद व्यक्त केला. राज्यांच्या समन्वयाने अशा मृत्यूंचे लेखापरीक्षण करावे आणि पीडित कुटुंबांना योग्य भरपाई मिळेल असे पाहावे, अशी शिफारसही समितीने केली. डॉ. भारती पवार २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीतून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे यांच्याकडून पराभूत झाल्या. या काळातील प्रश्न व उत्तरे संसदेच्या संकेतस्थळांवर इंग्रजी व हिंदीत उपलब्ध आहेत.