शेंदूर म्हणजे भडक कुंकू नव्हे

माहूरच्या रेणुकेचा तांदळा शेंदूरचर्चित आहे. नांदेड-लातूरकडे वेशीतला मारुती आणि बांधावरचा म्हसोबाही त्याच रंगात. पूजेचे सामान घेताना हळद, कुंकू, शेंदूर एकाच पिशवीत येतात, म्हणून शेंदूर हा कुंकवाचाच एक प्रकार, असे पुष्कळांना वाटते. पण जुन्या रीतीचे कुंकू हळदीचे, आणि शेंदूर शिशाचा. त्याच्या रेणूत शिशाचे 3 आणि ऑक्सिजनचे 4 अणू असतात. वजनात 90 टक्क्यांहून जास्त नुसते शिसे. लहानशी पुडीही हाताला जड लागते ती त्यामुळे.

निसर्गात तो क्वचितच सापडतो. बाजारातला भट्टीत होतो. शिसे वितळवून हवेत तापवले की आधी पिवळसर ऑक्साइड मिळतो, म्हणजे मुरदाडशिंगाच्या जातीचा. तो 450 ते 500 अंश सेल्सिअसच्या आसपास हवेत ढवळत ठेवला की ऑक्सिजन घेऊन नारिंगी होतो. आच फार वाढली तर घेतलेला ऑक्सिजन पुन्हा सोडतो. विरल नायट्रिक आम्लात टाकल्यावर खरा शेंदूर तपकिरी पडतो. हे प्रयोगशाळेचे काम. शेंदूर म्हणून रंगवलेली भुकटीही विकली जाते आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही.

‘पाण्यात विरघळत नाही, मग पोटात गेला तरी काय होणार?’ हा समज सर्वांत घातक. जठरातल्या आम्लात तो काही अंशी विरघळतो. तशात लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषते. उलट, कपाळावर लावताच शिसे अंगात भिनते ही भीती अवाजवी. अखंड कातडीतून ते फारच थोडे शिरते. धोका तोंडावाटे आणि धुळीवाटे.

गवयाला शेंदूर चारला की आवाज कायमचा बसतो, ही दंतकथा तर सर्वांनीच ऐकलेली. तिच्यात तथ्याचा कण आहे. शिशाने नसा दुबळ्या होतात, मनगट लुळे पडते; स्वरयंत्राच्या नसा बाधल्याच्याही तुरळक नोंदी आहेत. पण विष नेमके गळ्यावरच जात नाही. पोटात कळा, रक्तक्षय, मूत्रपिंड आणि मेंदूची हानी हे त्याचे नेहमीचे मार्ग.

लोखंडी दाराला लावतात तो ‘रेड ऑक्साइड’ बहुधा लोहाचा असतो. त्याला उगाच शेंदूर समजू नये. काळजी घ्यायची ती मूर्तीवरचे जुने थर खरवडताना. कोरडे खरवडले की धूळ उडते. थर ओले करून, नाकातोंडाला फडके बांधून, पोरांना लांब ठेवून ते काढावेत आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.