शब्द सदस्याचा, हक्क सभागृहाचा

१६२१च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये रविवारच्या नाच-खेळांना आळा घालणारं विधेयक चर्चेला आलं. थॉमस शेपर्ड या सदस्याने त्याची खिल्ली उडवली. सब्बाथ हा विश्रांतीचा दिवस म्हणजे मुळात शनिवार, बायबलातला राजा डेव्हिडसुद्धा देवासमोर नाचला होता, आणि खुद्द राजा जेम्सने रविवारच्या खेळांना परवानगी दिलेली आहे, असं त्याचं म्हणणं. विधेयक आणणाऱ्याच्या कर्मठपणावरही त्याने तोंडसुख घेतलं. सभागृहाने त्याची हकालपट्टी केली. गुन्हा एकच, ते भाषण.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच सभागृहाने राजाला ठणकावलं की सदस्यांना सभागृहात मोकळेपणी बोलण्याचा हक्क आहे. जेम्स इतका संतापला की त्याने कामकाजाच्या वहीतून ते पान स्वतःच्या हाताने फाडून टाकलं.

या दोन घटना आज परस्परविरोधी वाटतात. त्या सदस्यांना त्या तशा वाटल्या नाहीत. बोलण्याचा हक्क त्यांच्या लेखी एकेका सदस्याचा नव्हताच, तो सभागृहाचा होता. सदस्य काय बोलला हे राजाने विचारायचं नाही, राजाच्या न्यायालयांनीही विचारायचं नाही. सभागृहाने मात्र जरूर विचारायचं. आपल्या माणसाला आपण शासन केलं नाही, तर राजा करील, ही भीती खरी होती. १६२९मध्ये सभागृहात झालेल्या गोंधळानंतर जेम्सच्या गादीवर आलेल्या राजा चार्ल्सने जॉन एलियट या सदस्याला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात, डांबलं आणि १६३२मध्ये तो तिथेच वारला.

शिक्षांच्या अनेक पायऱ्या होत्या. उशिरा येणाऱ्याला शिलिंगभर दंड, तो गरिबांच्या पेटीत. त्याच्या वरची पायरी म्हणजे सभापतींकडून कानउघाडणी. मोठ्या अपराधाला सभागृहाच्या कठड्यापाशी गुडघे टेकून निकाल ऐकायचा, मग सार्जंटच्या ताब्यात किंवा टॉवरमध्ये रवानगी. कोठडीचं शुल्क कैद्यानेच भरायचं! एक मर्यादा मात्र पक्की होती: अधिवेशन संपलं की कैद संपली. ही मर्यादा आपल्याकडेही दिसते. आपल्या राज्यघटनेच्या १९४व्या कलमाने विधिमंडळांना सुरुवातीला हाऊस ऑफ कॉमन्सचेच विशेषाधिकार देऊ केले होते. महाराष्ट्र विधानसभेने जुलै २०२१मध्ये १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये तो ठराव रद्द केला. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेता येत नाही, हेच त्या निकालाचं सार.

राजा आणि संसद यांच्यातलं गृहयुद्ध जवळ आलं तशी इंग्लंडमधली ही शिस्त कडवट होत गेली. मे १६४१मध्ये विल्यम टेलर या सदस्याची हकालपट्टी झाली. चार्ल्सचा मंत्री स्ट्रॅफर्ड याला दिलेला मृत्युदंड म्हणजे न्यायाच्या तलवारीने केलेला खून, असं तो म्हणाला होता. नोव्हेंबरात चार्ल्सविरुद्धचं गाऱ्हाणं १५९ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झालं, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जेफ्री पामर या सदस्याने आपला विरोध नोंदवून घ्या म्हटलं आणि तेवढ्यावर त्याला टॉवर दाखवण्यात आला. एडवर्ड डेरिंग या सदस्याची कथा तर मला सर्वांत बोचते. बिशपांची व्यवस्था मुळासकट उखडण्याचं विधेयक त्यानेच सभागृहात मांडलं होतं. पुढे त्याचं मत बदललं आणि १६४२च्या प्रारंभी त्याने आपली भाषणं छापली. सभागृहाने पुस्तक फाशी देणाऱ्याच्या हातून जाळवलं, डेरिंगला टॉवरमध्ये धाडलं आणि त्याची जागा काढून घेतली. मत बदलणं आणि ते लोकांना सांगणं यापेक्षा त्याने काही केलं नव्हतं. ही शिक्षा अन्यायाची होती, असंच मला वाटतं.

वेगळं मत बाहेर काढत गेलेल्या सभागृहावर ६ डिसेंबर १६४८ला संसदेच्याच सैन्याने तीच युक्ती वापरली. कर्नल प्राइड यादी घेऊन दारात उभा राहिला. नको असलेल्यांना परत पाठवलं, चाळीसहून अधिक जणांना पकडलं.

भ्रष्टाचारापुढे मात्र सदस्याला काढण्याचा सभागृहाचा हाच अधिकार पुरेपूर शोभला. मक्तेदारीच्या परवान्यांवर गबर झालेला सदस्य जाइल्स माँपेसन १६२१मध्ये परदेशी पळाला आणि सभागृहाने त्याला काढून टाकलं. १६९५मध्ये तर सभापती जॉन ट्रेव्हरच सापडला. अनाथांच्या विधेयकासाठी त्याने लंडन नगरीकडून १,००० गिनी घेतल्या होत्या. सभापती या नात्याने आपण दोषी आहोत का, हा प्रश्न त्यालाच मताला टाकावा लागला. उत्तर होकारार्थी आलं. त्यानंतर तो आजाराचं कारण सांगून फिरकलाच नाही, म्हणून नवा सभापती निवडून त्याला काढण्यात आलं. मास्टर ऑफ द रोल्स हे न्यायाधीशपद मात्र राजाच्या देण्यातलं होतं. ते त्याच्याकडे १७१७मध्ये मरेपर्यंत राहिलं.