बादशहाचा डॉक्टर आणि कश्मीरी गेटचे चर्च

रविवार, ११ जुलै १८५२. दिल्लीत कश्मीरी गेटजवळच्या सेंट जेम्स चर्चमध्ये दोन हिंदू गृहस्थांचा बाप्तिस्मा झाला आणि शहरात एकच खळबळ उडाली. एक होते मास्टर रामचंद्र, दिल्ली कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकवणारे. दुसरे डॉ. चमनलाल. हे कंपनी सरकारचे सब-असिस्टंट सर्जन तर होतेच, शिवाय लाल किल्ल्यात मोगल बादशहा बहादूरशहा जफरच्या नाडीवर हात ठेवणाऱ्या वैद्यांपैकी एक होते. पोटासाठी धर्म सोडला, असे म्हणायची सोय दोघांच्याही बाबतीत नव्हती. हीच गोष्ट शहराला जास्त झोंबली.

हे चर्च बांधले कर्नल जेम्स स्किनरने. आई राजपूत, बाप स्कॉटिश. आपल्याकडच्या वाचकाला त्याची आणखी एक ओळख जवळची वाटेल: १८०३पर्यंत तो शिंद्यांच्या फौजेत होता, आणि तोवर दिल्लीवर खरा अंमलही शिंद्यांचाच होता. त्याच वर्षी लॉर्ड लेकने दिल्ली घेतली आणि तेव्हाचा बादशहा कंपनीचा पेन्शनर झाला. घुमटाच्या चर्चचे काम १८३६मध्ये पुरे झाले.

बाप्तिस्म्याची बातमी किल्ल्यात पोहोचली तेव्हा दरबारातील काही मंडळी बादशहाकडे गेली. बाटलेल्या माणसाने हुजुरांच्या प्रकृतीला हात लावणे बरे नव्हे, त्याला काढून टाकावे, अशी त्यांची मागणी होती. जफरने ती मानली नाही. डॉक्टरचा धर्म ही त्याची खासगी बाब आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, त्याने पूर्वीसारखे येत राहावे, असा जफरचा निर्णय होता. या बादशहाचा हुकूम तेव्हा किल्ल्याच्या भिंतींपलीकडे फारसा चालत नव्हता. पण आपला वैद्य कोण, हे ठरवणे अजून त्याच्या हातात होते. तेवढ्या उरलेल्या अधिकाराचा त्याने केलेला हा वापर मोठ्या सम्राटांनाही शोभला असता.

राजाच्या पदरी असलेला माणूस येशूच्या मागे जातो, ही गोष्ट बायबलाइतकीच जुनी आहे. हेरोदाचा कारभारी खुजा, त्याची बायको योहान्ना येशूच्या अनुयायांत होती. इथिओपियाच्या राणीच्या खजिन्यावरचा अधिकारी वाटेत रथ थांबवून बाप्तिस्मा घेतो. दिल्लीत जन्मलेले शेख सालेह हे तर या खजिनदाराचे हिंदुस्थानी भाऊबंदच म्हणायचे. लखनौच्या नवाबाच्या दरबारात जडजवाहीर सांभाळणारे हे गृहस्थ कानपूरला इंग्रज पाद्री हेन्री मार्टिनचे प्रवचन ऐकून बदलले. १८११मध्ये कलकत्त्यात बाप्तिस्मा घेऊन ते अब्दुल मसीह झाले. पुढे आग्र्यात गरिबांना औषधे देत त्यांनी धर्मप्रचार केला आणि १८२५मध्ये बिशप हेबरकडून दीक्षा घेऊन ते पाद्री झाले.

रामचंद्रांचा प्रवास मात्र डोक्यातून सुरू झाला. जन्म १८२१चा, पानिपतचा, कायस्थ घरातला. साहेबलोक एवढे शिकलेले, ते काही मनापासून धर्म मानत नसणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा निव्वळ कुतूहलापोटी ते चर्चमध्ये गेले, तर तिथे इंग्रज गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसले. मग त्यांनी बायबल वाचायला घेतले. गणितज्ञाला साजेसेच हे: आधी गृहीतक चुकले, मग पुरावा तपासायला बसले.

शहराला भीती वाटली ती मात्र निराळ्या कारणाने. काही पालकांनी दिल्ली कॉलेजातून मुले काढून घेतली. इंग्रजांचे पाद्री जेनिंग्ज राहत होते थेट लाल किल्ल्यात, लाहोरी दरवाजावरच्या जागेत. ज्यांच्या हाती फौज आणि शाळा, त्यांचाच धर्मगुरू बादशहाच्या उंबरठ्यावर मुक्काम टाकून बसलेला. अशा वेळी दोन माणसांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय लोकांना दोन माणसांचा वाटतच नाही. मुंबईनेही हे अनुभवले होते. १८४३मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात आला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून ज्ञातीत परत घ्यावे असा आग्रह धरला, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. मुंबईत निदान भांडायला कोर्ट आणि छापखाना होता. दिल्लीत राग साचत राहिला.

११ मे १८५७, सोमवार. मेरठचे बंडखोर स्वार होड्यांच्या पुलावरून यमुना ओलांडून शहरात घुसले. दर्यागंजात डॉ. चमनलाल आपल्या दवाखान्यासमोर उभे होते. हा ख्रिस्ती आहे, हे कळताच स्वारांनी त्यांना तिथेच ठार केले. त्या दिवशी दिल्लीत पडलेल्या पहिल्या बळींपैकी ते एक. जेनिंग्ज आणि त्यांची मुलगी किल्ल्यातल्या त्याच जागेत मारले गेले. पाच वर्षांपूर्वी आपल्या डॉक्टरला एका शब्दाने वाचवणारा बादशहा आता कोणालाच वाचवू शकत नव्हता.

रामचंद्र निसटले. पुढे इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर ते दिल्लीत आले. आता आपलेच लोक राज्य करताहेत, असे त्यांना वाटले असेल तर तो भ्रम फार दिवस टिकला नाही. शेजारच्या घरातून इंग्रज अधिकारी त्यांच्या घरावर मातीच्या गोळ्या मारत. रस्त्यात एका अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यात काठी घातली. आपण सरकारी नोकर आहोत आणि ख्रिस्तीही आहोत, असे त्यांनी सांगितले, तर तो आणखीच भडकला आणि त्यांच्या काळ्या रंगावरून शिव्या देऊ लागला. रामचंद्रांनी लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांच्याकडे लेखी तक्रार केली.

गंमत म्हणजे १८५९मध्ये, या मारहाणीला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा लंडनमध्ये ऑगस्टस डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाने रामचंद्रांचा महत्तम-लघुतमांवरचा ग्रंथ स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा छापला. रामचंद्रांनी पुढे दिल्लीत शाळा चालवली, पतियाळाच्या महाराजांना शिकवले आणि त्या संस्थानाचे शिक्षणखाते सांभाळले. १८८०मध्ये ते वारले.