गुणपत्रकाविना महाविद्यालय

अमेरिकेत ज्यांना ‘लिबरल आर्ट्‌स कॉलेज’ म्हणतात, त्या महाविद्यालयांत चार वर्षांच्या पदवीशिक्षणावरच सारा भर असतो. साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रे आणि गणित-विज्ञान एकाच छपराखाली शिकवले जाते आणि विद्यार्थ्याला एखाद्या व्यवसायासाठी तयार करण्यापेक्षा त्याला स्वतः विचार करता यावा, हे मुख्य काम मानले जाते. विल्यम्स, ॲम्हर्स्ट, स्वार्थमोर ही या परंपरेतील नामांकित महाविद्यालये खासगी असून त्यांच्या पाठीशी मोठे देणगीनिधी आहेत आणि त्यांचे शुल्कही तितकेच जड आहे. हेच शिक्षण सरकारी शुल्कात, करदात्यांच्या पैशातून देता येईल का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न तेथील मोजक्याच राज्यांनी केला. त्या प्रयत्नांत फ्लोरिडा राज्यातील सारासोटा शहराचे ‘न्यू कॉलेज ऑफ फ्लोरिडा’ आकाराने अगदी लहान, अध्यापनपद्धतीने धाडसी आणि २०२३ नंतर विलक्षण वादग्रस्त ठरले आहे.

या महाविद्यालयाचा जन्म मात्र सरकारी नव्हता. सारासोटातील नागरिकांनी काँग्रिगेशनल चर्चच्या साहाय्याने १९६० मध्ये ते खासगी संस्था म्हणून स्थापन केले आणि १९६४ मध्ये सुमारे शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. वंश किंवा धर्म यांवरून कोणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही, असे संस्थापकांनी आरंभीच ठरवले होते. दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद अजून रुजलेला असताना ही भूमिका साधी नव्हती. आरंभीच्या अध्यापकवर्गात इतिहासकार अर्नोल्ड टॉयन्बी यांचेही नाव होते. प्रतिष्ठा लवकर मिळाली, पैसा मात्र मिळाला नाही. सत्तरच्या दशकातील महागाईने संस्थेला कर्जात लोटले आणि १९७५ मध्ये ती साउथ फ्लोरिडा विद्यापीठात विलीन झाली. राज्याने जमीन, इमारती आणि देणी आपल्याकडे घेतली, तर लहान वर्ग आणि वेगळी पद्धत टिकवण्यासाठी लागणारा वाढीव खर्च खासगी प्रतिष्ठानाने देणग्यांतून भागवावा, अशी वाटणी झाली. पुढे १ जुलै २००१ रोजी विधिमंडळाने महाविद्यालयाला स्वायत्त करून राज्याच्या विद्यापीठव्यवस्थेतील अकरावी संस्था म्हणून मान्यता दिली.

परिसराचे रूपही या संमिश्र इतिहासाला साजेसे आहे. सारासोटा हे एके काळी रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीचे हिवाळी मुक्कामाचे गाव होते, आणि त्यांपैकी चार्ल्स रिंगलिंग यांचा १९२० च्या दशकातील गुलाबी संगमरवरी वाडा महाविद्यालयाची मुख्य इमारत बनला. उपसागराच्या काठावरील या वाड्यापासून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांकडे जायचे, तर टॅम्पा आणि मायामी यांना जोडणारा तमायामी महामार्ग ओलांडावा लागतो, कारण त्या रस्त्याने परिसराचे दोन तुकडे केले आहेत. पलीकडे, विमानतळाला लागून, आय. एम. पेई या ख्यातनाम वास्तुरचनाकाराने साठच्या दशकात आखलेली वसतिगृहे आहेत. त्यांच्या जवळच्या ‘पाम कोर्ट’ नावाच्या चौकात रॉयल पाम वृक्ष समान अंतरांच्या रांगांत लावलेले आहेत आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री विद्यार्थ्यांची गाणीबजावणी याच चौकात चालत आली. या मेळाव्यांना ‘वॉल’ म्हणत, आणि ते कोणी भरवायचे, संगीत कोणते लावायचे, हे विद्यार्थीच ठरवत. अनवाणी फिरणारे विद्यार्थी ही येथील जुनी ओळख होती. बहुतेक अमेरिकी महाविद्यालयांचे बोधचिन्ह एखादा वाघ किंवा गरुड असतो; येथे ते गणितातील रिक्त संच, म्हणजे आत काहीच नसलेला चौकोनी कंस, असे होते. खेळाचे संघच नसतील तर त्यांना प्राणी कशाला हवा, हा त्यामागचा विनोद होता.

परंतु या महाविद्यालयाचे खरे वैशिष्ट्य एका कागदात होते. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थी आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकाबरोबर बसून एक करार तयार करी. त्यात त्या सत्रात कोणते विषय शिकायचे, कोणता विषय एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून प्राध्यापकाच्या देखरेखीखाली हाताळायचा, नजीकची आणि दूरची उद्दिष्टे कोणती, हे लिहिलेले असे आणि शेवटी दोघांच्या सह्या असत. करार पुरा झाला असे केव्हा मानायचे, याची अटही त्याच कागदावर ठरे. उदाहरणार्थ, चारपैकी तीन विषय समाधानकारक झाले तर करार पूर्ण. या अटीचा अर्थ साधा असला तरी परिणाम दूरगामी होता, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवघड गणिताचा विषय घेऊन त्यात तो अयशस्वी ठरला, तरी त्याचे सत्र वाया जात नसे. अपयशाची किंमत आधीच ठरवून ती कमी ठेवल्यामुळे जोखीम घेण्याची मुभा नियमातच मिळालेली होती.

सत्राअखेर गुण नव्हते, श्रेणी नव्हती आणि सरासरीही नव्हती. प्रत्येक विषयापुढे समाधानकारक किंवा असमाधानकारक असा शेरा असे आणि त्याखाली प्राध्यापकाने त्या एका विद्यार्थ्यासाठी लिहिलेले वर्णनात्मक मूल्यमापन असे: युक्तिवाद कोठे पक्का होता, पुरावा कोठे कमी पडला, प्रयोगशाळेतील नोंदी कशा होत्या, वर्गातील चर्चेत त्याने काय भर घातली आणि पुढे काय वाचावे. पदवीसाठी असे सात करार पूर्ण व्हावे लागत. शिवाय जानेवारी महिन्यात वर्ग बंद ठेवून जे स्वतंत्र अभ्यासप्रकल्प केले जात, तसे तीन प्रकल्प, शेवटच्या वर्षी एक प्रबंध आणि त्यावर अध्यापकांच्या समितीपुढे तोंडी परीक्षा एवढे पार पाडावे लागे. भारतात जी कसोटी सामान्यतः पीएच.डी.च्या उमेदवाराची घेतली जाते, तिचे लहान रूप येथे प्रत्येक पदवीधराला, अपवादाविना, ओलांडावे लागे. सवलत आणि सक्ती यांचे हे प्रमाण पाहिले, की गुण नसलेले शिक्षण म्हणजे सैल शिक्षण हा समज टिकत नाही.

या पद्धतीने काय दिले, याचे सर्वांत ठळक उदाहरण पहिल्याच तुकडीत सापडते. १९६७ मध्ये पदवी घेतलेल्या विल्यम थर्स्टन यांनी प्रबंधासाठी संस्थितीशास्त्र, म्हणजे आकार ताणले किंवा वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचे गणित, निवडले आणि जे प्रत्यक्ष रचून दाखवता येईल तेवढेच सिद्ध मानणाऱ्या पंथाच्या दृष्टीने त्याचा पाया मांडण्याचा प्रयत्न केला. पदवीच्या विद्यार्थ्याने असा विषय हाती घ्यावा, याला एरवीच्या अभ्यासक्रमात जागाच नसते. १९८२ मध्ये थर्स्टन यांना गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक मिळाले. दुसऱ्या टोकाला शॅरन माटोला यांचे उदाहरण आहे. येथे जीवशास्त्र शिकलेल्या, सर्कशीतही काम केलेल्या माटोला एका चित्रपटासाठी पाळलेले प्राणी सांभाळण्यासाठी बेलीझ देशात गेल्या आणि काम संपल्यावर त्या प्राण्यांना वाऱ्यावर न सोडता त्यांनी १९८३ मध्ये बेलीझ प्राणिसंग्रहालय उभे केले.

महाराष्ट्रातील शिक्षकांना वर्णनात्मक मूल्यमापनाची कल्पना नवी नाही. शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० पासून राज्यातील प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्याबरोबर प्रत्येक मुलाच्या ‘वर्णनात्मक नोंदी’ करणे शिक्षकाच्या वाट्याला आले. मात्र वर्ग मोठे आणि इतर कामे अनेक, त्यामुळे तयार वाक्यांच्या याद्यांवरून नोंदी उतरवून घेण्याची वाट अनेकांनी धरली. यात दोष कल्पनेचा नव्हता, प्रमाणाचा होता. न्यू कॉलेजमध्ये दहा-अकरा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असे प्रमाण राखले जाई, म्हणूनच तेथील नोंद त्या विद्यार्थ्याची राही. लहान आकार ही या पद्धतीची अट होती, आणि पुढे अडचणींचे मूळही तोच ठरला.

राज्याच्या हिशेबात लहान संस्था महाग पडते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय यांचा खर्च विद्यार्थी कमी असले म्हणून कमी होत नाही. त्यात २०१४ पासून फ्लोरिडाने विद्यापीठांच्या निधीचा एक भाग ठरावीक मोजमापांशी जोडला. चार वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण, पदवीनंतर लगेच मिळणारा पगार असे ते निकष होते. पदवीनंतर संशोधनाकडे वळणारे अनेक विद्यार्थी असलेले हे महाविद्यालय त्या यादीत वारंवार तळाशी राहिले. विद्यार्थिसंख्या बाराशेपर्यंत न्यावी म्हणून विधिमंडळाने वाढीव पैसा दिला, पण २०१६ च्या सुमारास पावणेनऊशेच्या आसपास पोहोचलेली संख्या पुढे वाढण्याऐवजी घसरून सातशेच्या खाली आली. २०२० मध्ये ते फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात विलीन करण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आला आणि बारगळला. संस्था बचावली, पण तिची दुर्बलता सर्वांना दिसली.

महाविद्यालयाच्या तेरा जणांच्या विश्वस्त मंडळात सहा सदस्य राज्यपाल नेमतात, पाच राज्याचे विद्यापीठ नियामक मंडळ नेमते, आणि अध्यापक व विद्यार्थी यांचा प्रत्येकी एकच प्रतिनिधी असतो. अमेरिकेत राज्यपाल हा निवडून आलेला, पक्षीय नेता असतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी एकदम सहा नवे विश्वस्त नेमले. त्यांत उजव्या विचारांचे प्रचारक क्रिस्टोफर रूफो यांचा समावेश होता. त्या महिन्याच्या अखेरीस अध्यक्षा पॅट्रिशिया ओकर यांना दूर करून राज्याचे माजी शिक्षण आयुक्त रिचर्ड कॉर्कोरन यांना हंगामी अध्यक्ष करण्यात आले. ओकर यांचे मूळ वेतन सुमारे तीन लाख डॉलर होते, कॉर्कोरन यांचे सुमारे सात लाख ठरले. विविधता आणि समावेशनाचे कार्यालय बंद झाले. एप्रिलमध्ये पाच अध्यापकांना ‘टेन्युअर’, म्हणजे मतांसाठी नोकरी न जाण्याची हमी देणारी कायम नेमणूक, मंडळाने नाकारली, तेव्हा मंडळातील अध्यापक-प्रतिनिधीने त्याच बैठकीत राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये लिंगभाव अभ्यास हा विषय बंद करण्याकडे पावले पडली. एक तृतीयांशाहून अधिक अध्यापक त्या वर्षात निघून गेले, आणि अमेरिकेतील विद्यापीठ-अध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये कारभारातील अध्यापकांचा सहभाग डावलल्याबद्दल संस्थेवर ठपका ठेवला.

नव्या कारभाराचीही बाजू आहे. विद्यार्थी घटत होते, इमारती जीर्ण होत्या, विचारांच्या दृष्टीने परिसर एकसुरी झाला होता आणि राज्याच्या पैशाने चाललेल्या संस्थेची दिशा लोकांनी निवडलेल्या सरकारने ठरवणे गैर नाही, असे नव्या कारभाऱ्यांचे म्हणणे आहे. २०२३ मध्ये विक्रमी संख्येने नवे विद्यार्थी आले, हे खरे. त्यांतील बरेच जण नव्याने उभारलेल्या क्रीडासंघांसाठी आले होते, त्यांना वसतिगृहांत जागा देताना जुन्या अनेक विद्यार्थ्यांना हॉटेलांत राहावे लागले आणि रिक्त संचाच्या जागी वटवृक्षाचे बोधचिन्ह आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रंथालयाने काढून टाकलेली पुस्तके कचऱ्याच्या कंटेनरमध्ये आढळली, तेव्हा ती नेहमीची छाटणी असल्याचा खुलासा प्रशासनाने केला, तरी वाद देशभर गाजला. प्रत्येक विद्यार्थ्यामागे राज्याचा खर्च मात्र कमी होण्याऐवजी वाढला. लहान महाविद्यालय महाग पडते म्हणून ते बदलायचे, हा युक्तिवाद त्यामुळे स्वतःच्याच आकड्यांनी कमकुवत ठरतो.

विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी सही केलेल्या कराराचा अधिकार अभ्यासापुरता होता. संस्थेचे स्वरूप ठरवणारा अधिकार १९७५ मध्येच राज्याकडे गेला होता, आणि जवळजवळ अर्धे शतक राज्याने तो पूर्ण वापरला नाही, एवढेच. उत्तम अध्यापनपद्धती स्वतःचे रक्षण करू शकत नाही. त्यासाठी कारभारात अध्यापकांना खरे स्थान देणारा कायदा आणि ती पद्धत का हवी हे समजलेला समाज लागतो. महाराष्ट्रात राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची आणि संशोधनासह पदवीची मांडणी होत असताना, नव्या अभ्यासक्रमांच्या याद्या तपासण्याआधी एका अध्यापकामागे किती विद्यार्थी आणि कारभारी मंडळाची नेमणूक कोणाच्या हाती, हे दोन प्रश्न पालकांनी आणि प्राध्यापकांनी आवर्जून विचारले पाहिजेत.