लिनक्सची नेटवर्क जोडणी : खिडकीतून की फाइलमधून?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा गावात एका कार्यालयात लिनक्सवर चालणारा संगणक आहे, आणि त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ वाशीमला बसून नेटवर्कवरूनच ते काम करतो, अशी कल्पना करा. एके दिवशी तो त्या संगणकाचा आयपी पत्ता बदलतो, एक आकडा चुकतो आणि संपर्क तुटतो. ज्या वाटेने दुरुस्ती करायची, तीच वाट बंद! आता गाव गाठण्यावाचून इलाज नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. दूरवरचे संगणक असे जोडले जात असताना नेटवर्कची मांडणी कशी करावी, हा केवळ हौशी मंडळींच्या वादाचा विषय राहिलेला नाही.

संगणकाला नेटवर्कवर आणण्यासाठी मुख्यत्वे चार गोष्टी लागतात : आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हर. लिनक्समध्ये ही माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. डेबियनमध्ये ती परंपरेने 'इंटरफेसेस' या फाइलमध्ये असे, तर उबुंटूने २०१७ पासून 'नेटप्लॅन' ही पद्धत स्वीकारली. ही फाइल हाताने संपादित करणे हा झाला एक मार्ग.

दुसरा मार्ग चित्रमय साधनांचा. रेड हॅटने २००४ मध्ये सुरू केलेला 'नेटवर्क मॅनेजर' आज बहुतेक लिनक्स वितरणांत आढळतो. त्याच्या खिडकीत चौकटी भरायच्या आणि बटण दाबायचे. लॅपटॉप घेऊन घरच्या वायफायवरून कचेरीच्या वायफायवर जाणाऱ्यास हेच सोयीचे. शिवाय आयपी पत्त्यात २५५ पेक्षा मोठा आकडा घातला, तर तो स्वीकारला जात नाही. मात्र पत्ता नियमात बसतो पण चुकीचा आहे, हे खिडकीलाही कळत नाही. अनेक सर्व्हरवर तर चित्रमय पडदाच नसतो.

फाइलचे बळ वेगळे आहे. तिची प्रत ठेवता येते, वीस संगणकांवर थोड्या फेरफाराने वापरता येते, आणि बदल का केला याची टीपही तिच्यातच लिहिता येते. पण तिला शिस्त लागते. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये ओळीच्या आरंभीची रिकामी जागा अर्थपूर्ण असते. तेथे टॅबची कळ वापरली, तर सारी फाइलच नाकारली जाते.

खरा घोळ होतो तो दोन्ही मार्ग एकाच वेळी चोखाळल्याने. डेबियनमध्ये एखादे नेटवर्क कार्ड 'इंटरफेसेस' फाइलमध्ये नोंदवले, की नेटवर्क मॅनेजर सहसा त्यावरचा हक्क सोडतो. मग खिडकीत कितीही बटणे दाबा, उपयोग होत नाही. उलट, डीएनएसची फाइल हाताने बदलली, तर पुढच्या जोडणीच्या वेळी नेटवर्क मॅनेजर ती पुन्हा लिहून टाकू शकतो. एका घराला दोन कारभारी असले की असेच व्हायचे.

तेव्हा प्रथम कारभारी कोण हे ठरवावे. रोजच्या वापराच्या संगणकाला चित्रमय साधन पुरेसे आहे. सर्व्हरला फाइल बरी. मधला मार्गही आहे : नेटवर्क मॅनेजरचेच 'एनएमटीयूआय' हे साधन चित्रमय पडद्याविना, केवळ कळफलकाने चालते.

आणि दूरच्या संगणकावर बदल करताना माघारीची वाट आधी आखावी. जुन्या फाइलची प्रत ठेवावी. नेटप्लॅनमध्ये 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा आहे. नवी मांडणी लागू केल्यावर १२० सेकंदांत होकार मिळाला नाही, तर ती साधारणतः जुनी मांडणी आपोआप परत आणते. संपर्क तुटला तर होकार देताच येत नाही, आणि तेच हिताचे ठरते. वाशीमच्या त्या तंत्रज्ञाने ही आज्ञा वापरली असती, तर दोन मिनिटे थांबून त्याचे काम भागले असते.