अदृश्य माणसाला दिसेल काय?

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ हा चित्रपट १९८७ साली प्रदर्शित झाला, तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होते. २००० सालापासून ते छत्तीसगडची राजधानी आहे. बालपणी ज्यांनी तो चित्रपट पाहिला, ते रायपूरचे मराठी पालक आज मुलांसह घरीच तो पुन्हा पाहू शकतात. घरी चित्र क्षणभर थांबविता येते, आणि तेथेच प्रश्नाला वाव मिळतो.

नायक अरुण मनगटावरील यंत्राने अदृश्य होतो. तांबड्या प्रकाशात मात्र तो दिसतो. परंतु सूर्यप्रकाशातही तांबडे किरण असतातच. मग भर उन्हात तो तांबूस का दिसू नये? दुसरी अडचण याहून बिकट आहे. डोळ्यातील दृष्टिपटल प्रकाश शोषून घेते, म्हणूनच आपणांस दिसते. ज्या देहातून सर्व प्रकाश आरपार जाईल, त्याचे दृष्टिपटल काहीच शोषणार नाही. अर्थात, पूर्णपणे अदृश्य झालेला मनुष्य आंधळाच होईल!

पहिल्या शंकेचा पडताळा घरीच घेता येतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीवर तांबडा पारदर्शक कागद बांधून जास्वंदीचे लाल फूल व हिरवे पान पाहावे. फूल उजळ दिसते, पान काळपट. नंतर तेच फूल उन्हात न्यावे. ते अदृश्य होते काय?